दोर कोणी टाकला

माझ्या बहिणीचं घर माझ्या घरापासून सायकलनं पाऊण तासावर आहे. वारा पाठीशी असला तर अर्धा तास. नऊ वर्षं मी तिकडे गेले नाही आणि ती इकडे आली नाही.

मी फ्रानेकरला राहते, निंके हार्लिंगनला. एकाच कालव्यावरची ही दोन गावं. त्या कालव्यावरचा एक पूल बोटींसाठी उघडायचं आणि मिटायचं काम मी सव्वीस वर्षं केलं. आमची आई गेली त्या दुपारीही मी पुलावरच होते. फोन कोटात, कोट खुंटीवर, आणि खाली रेती भरलेल्या तीन बोटी रांगेनं उभ्या. निंकेनं सहा वेळा फोन केला होता. मी पोचले तेव्हा आईला जाऊन चाळीस मिनिटं झाली होती.

दफनानंतर सगळे कॉफी घेत असताना निंके मोठ्यानं म्हणाली, "आई बोट असती, तर आल्के वेळेवर आली असती." दोघा-तिघांना हसू आलं. मग मीही उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "तू उशाशी बसलीस ती आईसाठी नव्हे, चार लोकांना सांगायला." त्यावर कोणी हसलं नाही. मी कप खाली ठेवला, कोट घातला आणि निघाले. एवढंच झालं. मारामारी नाही, कोर्टकचेरी नाही. दोन वाक्यं आणि नऊ वर्षं.

गेल्या शरद ऋतूत मासळीच्या गाडीपाशी आमचा आतेभाऊ योप्पे भेटला. म्हणाला, निंकेची फुप्फुसं गेलीत, उन्हाळा बघेल की नाही सांगता येत नाही. किती दिवस झाले, कोण बघतं तिला, असं विचारायचं होतं. तोंडातून मात्र निघालं, "तिच्याकडे माझा नंबर आहे." योप्पे आपली हेरिंग खात राहिला. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. आमच्या घराण्यात पीळ जन्मतःच भरून देतात.

मला तिला बघायचं होतं, हे आधीच सांगून टाकते. रोज वाटायचं. फक्त पहिलं पाऊल तिनं टाकावं, एवढी एकच अट होती. तिचीही तीच अट असणार हे कळायला फार अक्कल लागत नाही, पण अक्कल असून उपयोग काय?

आता 'सोळा पूल'बद्दल सांगायला हवं. मी चौदा वर्षांची आणि निंके सतरा, तेव्हा टीव्हीवर दर रविवारी ही मालिका लागायची. सिब्रन आणि रूली हे भाऊबहीण बापाची मालवाहू बोट चालवतात, असं कथानक. सव्विसाव्या भागात दोघांचं कडाक्याचं भांडण होतं. रूली पेटी घेऊन धक्क्यावर उतरते, सिब्रन धुक्यात बोट वळवतो. आणि तिथंच मालिका बंद पडली. पुढं काय झालं ते कोणी सांगितलंच नाही. निंके आणि मी महिनाभर वाट बघितली आणि मग शाळेच्या वहीत आम्हीच पुढचे तीन भाग लिहिले. तिचं अक्षर चांगलं, म्हणून ती लिहायची आणि मी बोलायचे.

असं करणारे आम्हीच वेडे नव्हतो, हे मला पुढे इंटरनेट आल्यावर कळलं. आजही आम्ही चाळीसेक जण आहोत. सगळ्यांचे केस पांढरे, सगळ्यांना टोपणनावं. जगात याला फॅन फिक्शन म्हणतात. आम्ही नुसतं 'पुढची गोष्ट' म्हणतो. हे मंडळ सापडल्या सापडल्या मी निंकेला कौतुकानं सांगायला गेले होते. ती म्हणाली होती, "पन्नाशीला आलीस की गं! हे काय चाळे?" पण साइटचा पत्ता मात्र लिहून घेतला होता.

दरवर्षी सिंटच्या, म्हणजे मुलांना भेटी वाटणाऱ्या संताच्या, सणाला आम्ही गोष्टींची देवाणघेवाण करतो. सप्टेंबरात प्रत्येकानं एक पत्र लिहायचं: मला काय आवडतं, काय आवडत नाही. मग चिठ्ठ्या पडतात. कोणाचं पत्र कोणाला गेलं ते गुपित. तो अनोळखी माणूस आपल्यासाठी गोष्ट लिहितो, आणि पाच डिसेंबरच्या संध्याकाळी पाच वाजता ती आपल्या नावानं उघडते. खाली सही सगळ्यांची एकच, सिंट. घरोघरी त्या संध्याकाळी भेटीबरोबर चिमटे काढणारी कविता येते, तिच्यावर असते तीच. तूच लिहिलीस ना, असं विचारणं असभ्यपणाचं. विचारलंच तर लिहिणाऱ्यानं गंभीर चेहऱ्यानं सांगायचं, छे, सिंटनं लिहिली. आमच्या मंडळात लिहिणाऱ्यांची टोपणनावं उघडतात सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणादिवशी दुपारी बाराला.

पत्रात शेवटी एक नको-यादी असते. तिच्यातली गोष्ट लिहिणाऱ्यानं शिवायचीसुद्धा नाही. माझी यादी वर्षागणिक लांबत गेली होती. सिब्रननं माफी मागितलेली नको. रूलीनं माफी मागितलेली नको. तिसऱ्या कोणी मध्ये पडून समेट घडवलेला नको. कोणाच्या आजारपणामुळे भेट झालेली नको. या वर्षी ती शेवटची ओळ लिहिताना हात थोडा थांबला, पण मी ती लिहिली.

पाच तारखेला मी मटाराचं घट्ट सूप करून ठेवलं, सिंटची बिस्किटं बशीत घेतली आणि पाचला खुर्चीत बसले. भेटीतली गोष्ट उघडताना मला अजून लहान मुलासारखी धडधड होते. कोणीतरी दोन महिने फक्त माझा विचार करून काहीतरी लिहिलंय, असं आयुष्यात दुसरं कुठं होतं? पुलावर तर लोक मला शिव्याच द्यायचे. उघडला तरी आणि मिटला तरी.

गोष्ट बारा पानांची होती. अकरा वर्षं उलटलीत. सिब्रन म्हातारा झालाय, एकटाच बोट हाकतोय, हाताखालचा माणूस त्याला सोडून गेलाय. आडव्या वाऱ्यात तो एका बंदरात शिरतो. बोट धक्क्याला लावायची तर दोर धरायला वर कोणीतरी हवं. तो बघतही नाही, ओरडतो आणि दोर भिरकावतो. धक्क्यावरची एक बाई तो झेलते आणि खुंटाला वेढे घालते, डावा उजव्यावर, तीन वेळा, बापानं शिकवला होता तसा. दोराला बसलेल्या ओढीवरूनच सिब्रनला कळतं की ही कोण. लिहिणाऱ्यानं तिथं एकच ओळ घातली होती: 'दोर आला की आधी धरायचा, कोणी टाकला ते मागाहून बघायचं, असं बाप म्हणायचा.' मग रूली पायरी उतरून बोटीवर येते आणि विचारते, "कॉफी आहे?" सिब्रन म्हणतो, "कालची." ती म्हणते, "चालेल." गोष्ट संपते.

कोणी माफी मागितली नव्हती. मध्ये कोणी पडलं नव्हतं. माझी सगळी नको-यादी पाळून त्या माणसानं मला नेमकं तेच दिलं होतं, जे मी नऊ वर्षं मागितलं नव्हतं. मी ती गोष्ट लागोपाठ तीनदा वाचली. सूप गार झालं. मी रडले, आणि ते रडणं चांगलं होतं.

मग ध्यानात आलं. ते वाक्य आमच्या बाबांचं होतं.

बाबा हार्लिंगनच्या धक्क्यावर बोटी बांधून घ्यायचं काम करायचे. दोराचं ते वाक्य ते आम्हाला भरवताना, भांडणं सोडवताना, कशालाही म्हणायचे. आता जगात ते ठाऊक असलेली दोनच माणसं उरली होती. त्यातली एक मी. म्हणजे निंकेनं मंडळात नाव घातलं, माझी चिठ्ठी मिळवली आणि मला दोर टाकला. माझी अट पुरी झाली होती. पहिलं पाऊल तिनं टाकलं होतं.

आमच्यात गोष्टीखाली अभिप्राय लिहायची रीत आहे. न लिहिणं म्हणजे जेवून यजमानाशी न बोलता उठणं. पण मी लिहिला नाही. म्हटलं, हे तोंडानंच सांगायचं. तरी शब्द जुळवण्यात आठवडा गेलाच.

चौदा तारखेला, शनिवारी सकाळी, मी निघाले. पश्चिमेचा वारा थेट तोंडावर. पाऊण तासाला सव्वा तास लागला. पिशवीत साखरेचे खडे घातलेला पाव होता. आजाऱ्याकडे न्यायचा म्हणून नव्हे, सहज आणला असं सांगायचं मी वाटेत ठरवून ठेवलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय.

दार निंकेनंच उघडलं. केवढीशी झाली होती! नाकाला प्राणवायूची नळी, ती मागे खोलीतल्या यंत्राकडे गेलेली. मी एवढी घासून ठेवलेली वाक्यं, एकही आठवेना.

"गोष्ट मिळाली," मी म्हटलं.

ती बघत राहिली.

"मिळाली गं. पाच तारखेलाच. कॉफी आहे?"

निंकेनं माझ्या पिशवीकडे बघितलं, लाल झालेल्या नाकाकडे बघितलं. "सकाळची आहे," ती म्हणाली.

सकाळची! एक शब्द मुद्दाम बदलला. मला हसू फुटलं. "चालेल," म्हटलं आणि आत शिरले.

कोट काढता काढता मी न राहवून विचारलंच, "तूच लिहिलीस ना?"

निंके भिंतीला धरून खुर्चीकडे निघाली होती. ती थांबली. श्वास घेऊन म्हणाली, "कशाचं विचारतेस? सिंटनं लिहिली."

"अगदी गंभीर चेहरा! आईसारखीच दिसतेस असं करताना."

"बस आता. आणि तो पाव जाड काप. मेल्या माणसाला घालतात तसे पातळ तुकडे नकोत मला."

त्या दिवशी मी चार तास बसले. मंगळवारी पुन्हा गेले. मग शुक्रवारी. नाताळला दोन दिवस तिथंच राहिले. तिच्या सोफ्यावर झोपायला जागा नव्हती, तरी राहिले. मी गोष्ट वाचून दाखवायचा हट्ट धरला तेव्हा ती म्हणाली, "वाच की. आपलं ऐकायला कोणाला नको असतं?" ती डोळे मिटून ऐकत होती. बाबांच्या वाक्यापाशी तिचे डोळे उघडले, आणि मला वाटलं, लाजली. कॉफीच्या जागी ती खुदकन हसली, मग इतकी खोकली की मला वाचन थांबवून नळी नीट करावी लागली.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. "शेवटचं पान."

सहा जानेवारीला मी मुद्दाम बाराच्या आत पोचले. टॅब्लेट टेबलावर मांडला. म्हटलं, "चला, आज तुझं पितळ उघडं पडणार. टोपणनाव काय घेतलंस ते बघू दे."

"आल्के," निंके म्हणाली, "आधी कॉफी ओत."

"बारा वाजलेत. नंतर."

यादी उघडली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: गंजका नांगर, डेल्फझाइल.

हा गंजका नांगर म्हणजे डेल्फझाइल गावचा एक म्हातारा डिझेल मिस्त्री. मंडळातला सगळ्यात खडूस माणूस. मागे एकदा माझ्या एका गोष्टीखाली त्यानं पानभर लिहून सिद्ध केलं होतं की सिब्रनच्या इंजिनाला उलटं फिरायला मी दिलाय त्याच्या तिप्पट वेळ लागतो. मी त्याला उत्तर दिलं होतं, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझ्या नावाची चिठ्ठी या माणसाला गेली होती.

नावाखाली त्यानं चार ओळी जोडल्या होत्या: 'चिठ्ठीवर तुमचं नाव बघून वाटलं, सिंटचा माझ्यावर राग असावा. मग तुमची मंडळातली सगळी पत्रं पहिल्यापासून काढून वाचली. वडिलांचं ते वाक्य तुम्ही चौथ्या पत्रात लिहिलं होतं. ते नको-यादीत नव्हतं, म्हणून घेतलं. आणि ती यादी दरवर्षी एका ओळीनं वाढतेय हे दिसलं. ज्या दाराला इतक्या कड्या, त्या घरात कोणीतरी वाट बघतंय असं वाटलं. चुकलो असेन तर माफ करा. इंजिनाचं मात्र माझंच बरोबर होतं.'

मी चौथं पत्र शोधून काढलं. खरंच, तळाला होतं. मीच लिहिलेलं, मीच विसरलेलं.

"कोण आहे?" निंकेनं विचारलं.

"गंजका नांगर."

"हे माणसाचं नाव आहे?"

मी तिच्याकडे बघितलं. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. मुख्याध्यापिकेच्या दाराबाहेर बसवलेली मुलगी दिसते तशी.

"तू म्हणालीस सिंटनं लिहिली."

"मग? सगळ्यांच्या सिंटच लिहितो. खोटं एक अक्षर बोलले नाही मी."

"निंके."

"तू दारात उभी राहून म्हणतेस, गोष्ट मिळाली. मला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. काय गोष्ट, कसली गोष्ट!" ती श्वासासाठी थांबली. मी पाण्याचा पेला पुढे केला, तिनं हातानंच बाजूला सारला. "मग कळलं, हिला वाटतंय मी काहीतरी लिहून पाठवलंय. मी नाही म्हटलं असतं, तर तू कोट काढला असतास का?"

खोटं बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण एवढ्या सगळ्यानंतर मला खोटं बोलवेना.

"नाही," मी म्हटलं. "पाव दारात ठेवून परत गेले असते."

"बघ."

यंत्र घुरघुरत होतं. मला लाज वाटली. तीन आठवडे मी या घरात जिंकलेल्या माणसासारखी वावरत होते. ती आधी आली, ती आधी झुकली, अशा ऐटीत. आणि आले होते मीच. वाऱ्यावर सव्वा तास सायकल मारून, कोणी न बोलावता.

"तुला लावायला मी फोन उचलायचे," निंके म्हणाली. "आणि ठेवायचे. वाटायचं, तू पुलावर असशील."

"पूल आता दुरून, कॅमेऱ्यात बघून उघडतात, त्याला चार वर्षं झाली. मी घरीच असते."

"मला कोण सांगणार?"

"त्या दिवशी ती तिसरी बोट मला थांबवता आली असती," मी म्हटलं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. "दुसरी गेल्यावर कोटातला फोन वाजलेला मला ऐकू आला होता. म्हटलं, ही एक जाऊ दे."

निंकेनं नाकाची नळी सारखी केली. मग म्हणाली, "मीही पहिला फोन उशिरानंच केला. त्याच्या अर्धा तास आधीच नर्सनं सांगितलं होतं की बोलावून घ्या. मला वाटलं, आईचा हात सोडायला नको. थोडा वेळ माझी एकटीचीच राहू दे."

तिनं हे नऊ वर्षं एकटीनं वागवलं होतं. आणि मी माझं. मी खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसले आणि तिचा हात धरला. गार होता, आणि बाबांसारखा खरखरीत. माफी तिनं मागितली नाही, मीही मागितली नाही. माझ्या यादीतली ती दोन कलमं आम्ही पाळली. तिसऱ्या माणसाचं आणि आजारपणाचं मात्र मोडलं, आणि मोडलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार करायला मी आजही घाबरते.

"त्या गंजक्याला काही लिहिलंस का?" तिनं विचारलं.

"नाही."

"महिना झाला! जेवलीस, ताट चाटून पुसून घेतलंस, आणि आभाराचा शब्द नाही?"

"मला वाटलं तू आहेस."

"मी नाही ना? मग लिही आता. मी सांगते, तू लिही. लहानपणी उलटं होतं, आज सुलटं करू."

मी टॅब्लेट जवळ घेतला. ती डोळे मिटून बसली, एकेक शब्द श्वासाश्वासानं सांगत गेली, आणि मी काही न बदलता लिहीत गेले.

'गंजके नांगर यांस. दोर आम्ही आधी धरला. कोणी टाकला ते आज बघितलं. कधी या बाजूला बोट आणलीत तर कॉफी मिळेल. ताजी.'

"इंजिनाचं लिहू?" मी विचारलं.

"इंजिनाचं नको. आणि माझंही नाव घाल."

मी खाली दोन्ही नावं घातली. निंके, आल्के. मोठीचं आधी.